पंख्याची वायर

‘बिल्डिंगमधल्याच कुणीतरी वायर कापली, म्हणून—’ जिन्यात एवढंच कानावर आलं, आणि फोनसकट तुम्ही लिफ्टमध्ये शिरलात. म्हणून काय, साहेब? म्हणून इंजिन जळालं, असंच ना? व्हॅनच्या कंपनीकडून तपासायला आलात, तर नीट तपासा की! नाही, व्हॅन माझी नाही — मी शेजारीण, समोरच्या दाराची. पण ही माझ्या खिडकीखालीच उभी असते, त्यामुळे हिचं काय ते मला विचारा. हिचे मालक, आमचे समोरचे भाऊजी, हिच्यातून आजारी माणसं दवाखान्यात नेतात-आणतात. सोमवारपर्यंत सुरू झाली नाही तर दवाखाना दुसरी गाडी लावणार. आणि तुम्ही लिहून मोकळे — ‘बाहेरून जादा दिवे बसवले, वॉरंटी रद्द.’ अहो, नवा चष्मा लावला म्हणून कुणाचं पोट बिघडतं का?

कुणी बसवले? कुणी का बसवेना! नाक्यावरच्या मेकॅनिकचं काम नाही हे, त्याचे हात म्हणजे कुऱ्हाडी. हे बघा कसं नेटकं — जोडावर पट्टी, पट्टीच्या टोकावर लाल नेलपॉलिशचा थेंब, सुटू नये म्हणून. रेडिओ दुरुस्तीत तीस वर्षं काढलेला माणूसच असं— माझ्या नखांकडे काय बघताय?

बरं. आमच्या ह्यांनी बसवले. मीच मागे लागले होते — भाऊजी धुक्यातून गाडी काढायचे, वहिनी फोन हातात धरून बसायची, बघवेना. आणि भाऊजींनी आमचं नाव घेतलं का तुमच्यापाशी? नाही ना? गाडी गेली तरी घेणार नाहीत. म्हणून मी सांगते — कापली वायर, कापली! पण दिव्यांची, नवे दिवे जोडायला. इंजिन तापलं ते त्याला गार ठेवणारा पंखा फिरला नाही म्हणून, तुमच्याच कागदावर आहे. वाका जरा. गुडघे माझेही दुखतात, वाका! ही पंख्याची वायर. कारखान्यातली पट्टी जशीच्या तशी. लाल थेंब कुठाय? दाखवा! आमचे हे थेंब टाकल्याशिवाय जागचे उठत नाहीत, माझ्या दोन बाटल्या संपवल्यात.

आता लिहा. ‘बिल्डिंगमधल्याच कुणीतरी वायर कापली’ — लिहा, खरं आहे, खाली सही करते मी. त्यापुढचं ते ‘म्हणून’ तेवढं खोडा.

खोडा म्हणते ना! पेन का थांबलं?