मोठ्यानं वाचलेलं वजन

(फेब्रुवारी १९८३. गिरणी संपाला वर्ष उलटून गेलंय. लालबागमधल्या मुलींच्या शाळेतली शिक्षकखोली. आठवी ब च्या वर्गशिक्षिका ललिताबाई आणि मासळी विकणारी मंजुळा. मंजुळाची मुलगी शांती बाहेर व्हरांड्यात उभी.)

मंजुळा : मला पोरीचा शाळा सोडल्याचा दाखला पायजे बाई. बाकी काय बोलू नका.

ललिताबाई : दाखला मिळेल. पण आधी बसा तरी. शांतीला काय झालं ते नीट सांगा.

मंजुळा : सकाळी नळावर कोसळली. हंडा एकीकडं, पोर एकीकडं. चौघींनी उचलून घरात आणली. कपडे ढिले केले, तर पोटाला माझ्या जुन्या लुगड्याची पट्टी. अशी आवळलेली की कातडीवर वळ उठलेत. तेरा वर्षांची पोर, बाई!

ललिताबाई : अगं आई गं... डॉक्टरांना दाखवलंत?

मंजुळा : दाखवलं. ते बोलले, पोटात अन्न नाय. मग धाकटी बोलली, ताई शुक्रवारपासून ताट घेऊन मोरीत जाते नि ओतून येते. घरात अन्न असून पोर उपाशी! शुक्रवारी काय झालं तुमच्या शाळेत?

ललिताबाई : वजनं घेतली. दरवर्षी घेतो. काट्यावरचा आकडा मी वाचायचा, मॉनिटरनं वहीत लिहायचा.

मंजुळा : मोठ्यानं?

ललिताबाई : हो. मोठ्यानं. शांतीचं छप्पन्न किलो आलं. मागून कुणीतरी म्हणालं, "संपात सगळ्यांची हाडं वर आली, हिचंच वजन वाढलं." आणि वर्ग हसला.

मंजुळा : नि तुमी काय केलंत?

ललिताबाई : मी... "शांत बसा" म्हटलं.

मंजुळा : एवढंच?

ललिताबाई : नाही. मीसुद्धा हसले, मंजुळाबाई. अगदी क्षणभर. ओठ दाबून घेतले, पण हसले. तेव्हापासून जिवाला चैन नाही.

मंजुळा : तुमच्या जिवाचं काय घेऊन बसलात? माझी पोर नळावर पडली!

ललिताबाई : बरोबर आहे तुमचं. सोमवारी मी सावरायला बघितलं. विज्ञानाच्या तासाला सगळ्यांना सांगितलं, स्वतःच्या शरीरातलं काय आवडतं ते चार ओळींत लिहा. मला वाटलं, मुली केस लिहितील, डोळे लिहितील, मनानं हलक्या होतील. निम्म्या नुसत्या खिदळल्या. शांतीचा कागद हा बघा.

मंजुळा : मला वाचता येत नाय.

ललिताबाई : "काहीच नाही." एवढंच लिहिलंय.

मंजुळा : नि हे सोमवारी कळलं तुमाला? आज बुधवार हाय.

ललिताबाई : काल संध्याकाळी तुमच्या चाळीपर्यंत आले होते. जिन्यापाशी उभी राहिले. वर येऊन काय सांगणार? तशीच गिरगावला घरी परत गेले. रात्रभर वाटत होतं, वर जायला हवं होतं.

मंजुळा : यायचं होतं बाई. शिव्या दिल्या असत्या मी, पण पोरीवर नजर तरी ठेवली असती. ... बोलायला तोंड मलाबी नाय म्हणा.

ललिताबाई : का?

मंजुळा : आमच्या माळ्यावर सोळा खोल्या. सगळ्यांचे पुरुष संपात, आमचे हरेश्वर पण. पण माझ्या डोक्यावर पाटी हाय, माहेरची माणसं मासळी देतात, म्हणून चूल पेटते. मासे तळले की वास सगळ्या माळ्यावर जातो. लोकांची पोरं कण्या खातात. मग मीच शांतीला बोलले, दार लावून जेव. नि भरल्या पोटासारखी बाहेर फिरू नको, लोकांच्या डोळ्यांत येतं.

ललिताबाई : तुम्ही भीतीपोटी बोललात.

मंजुळा : पोरीला कुठं कळतं भीतीपोटी का कशापोटी! तिनं आपल्या अंगावर घेतलं सगळं. ... शांती! आत ये गो. भिंतीला किती टेकून राशील? पडशील.

शांती : दाखला मिळाला?

मंजुळा : अजून नाय. तुला पायजे?

शांती : मला नको. तुला पाहिजे.

ललिताबाई : शांती, इकडे बस. उभी राहू नकोस. मला तुला काही—

शांती : बाई, एक विचारू? शुक्रवारी तुम्ही पण हसलात ना?

ललिताबाई : हो. हसले.

शांती : मला वाटलं, मलाच भास झाला. कुसुम बोलली, बाई कशाला हसतील.

ललिताबाई : भास नव्हता. माझी चूक झाली. उद्या सगळ्या वर्गापुढे कबूल करते.

शांती : नको! माझं नाव काढलंत की परत सगळ्या माझ्याकडेच बघतील.

ललिताबाई : मग काय करू, सांग. खरंच सांगते, मला कळत नाहीये. पुस्तकात पचनसंस्था आहे, हाडं आहेत. हे कुठेच नाही. एकदा शिकवायला गेले तर उलटंच झालं.

शांती : पुढच्या वेळी मोठ्यानं वाचू नका. कुणाचंच. कुसुमचं सत्तावीस आलं. तिला कोण हसलं नाही, पण ती संडासात जाऊन रडली.

ललिताबाई : कुसुम? का?

शांती : वजनाच्या आधी तिनं नळाला तोंड लावून पोट फुटेस्तोवर पाणी प्यायलं होतं. आकडा वाढावा म्हणून. तिचे बाबा बोलले होते, घरी खायला नाही हे शाळेत कळता कामा नये. ... तिला वजन वाढवायचं होतं, मला कमी करायचं होतं. आम्ही दोघी एकाच बाकावर बसतो बाई.

ललिताबाई : मला हे ठाऊक नव्हतं.

शांती : तुम्ही आवडतं काय ते लिहायला सांगितलंत. तसं कोण लिहील? बाजूची बघते. असं विचारायचं होतं, काल अंगानं काय काय काम केलं. मग मी लिहिलं असतं. मी आईची पाटी उचलून डोक्यावर देते. भरलेली. चाळीत दुसऱ्या कुठल्या मुलीला उचलत नाही ती.

मंजुळा : खरं हाय बाई. हिच्या बापालाबी एकट्याला जड जाते.

ललिताबाई : आज पाचवा तास माझा आहे. हेच विचारीन. कागद कुणी वाचून दाखवायचे नाहीत, मीसुद्धा नाही. बसशील वर्गात?

शांती : हसल्या तर?

ललिताबाई : हसतीलही एखाद्या. हसणार नाहीत असं वचन मी कसं देऊ? पण या वेळी मी त्यांच्यात नसेन.

मंजुळा : शांती, तू सांगशील तसं. आता घरी चल बोललीस तर घरी जाऊ.

शांती : पट्टी काढलीस ना, आता श्वास येतोय नीट. बसते मी.

मंजुळा : मग दोन घास खाऊन बस. पेज आणलीय, नि वर थोडा भात. डॉक्टर बोलले, हळूहळू घ्या.

शांती : आई... कुसुम नि मी, दोघींपुरतं आहे?