नमिताच्या डोक्याची वही

—नाही गं बाय, सरकू नको, मावते मी. बोरिवलीच्या बाजारात पस्तीस वर्षं दीड वीत फळीवर बसून मासळी विकलीय, तिथं हा बाक म्हणजे मैदानच. तू पण डोक्याचीच ना? कळलं मला, दवाखान्यात बसून काळा चष्मा कोण लावतं? आमची नमितापण लावते. माझी सून. ती आत गेलीय, डोळ्यांत बत्ती मारून बघतात ना, तिथं—मला म्हणाली, आई, तुम्ही वही घेऊन बाहेर बसा, डॉक्टरांनी मागितली की आणा. ही बघ. काय खाल्लं, किती वाजता, डोकं कधी दुखलं—सहा आठवड्यांचं सगळं. कोणी लिहिलं? मीच! चौथी शिकलेय मी. डॉक्टर म्हणाले, कुणाकुणाला खाण्यातलं काहीतरी बाधतं म्हणे—चीज, सॉस, विकतच्या बंद डब्यातलं मटण, पाकिटातल्या मसाल्याची पूड—कुणाला बाधतं, कुणाला नाही, छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही, म्हणून वही. नमिताला ऑफिसातून वेळ कुठे, म्हटलं आण इकडे. तुझं कितपत दुखतंय आत्ता? थोडंसंच? मग बरंय, बोलता येईल.

तर पहिल्याच दिवशी मी काय केलं, घर साफ केलं. नूडल्सची पाकिटं, चिप्स, ती लाल सॉसची बाटली—सगळं खाली कचऱ्यात. दिपेश, माझा मुलगा गं, बोंबलला, आई निदान चीज तरी ठेव. म्हटलं, बायकोचं डोकं मोठं की तुझं चीज? आणि बिल्डिंगखाली तो लवू चायनीजची गाडी लावतो—मालवणचा आहे, पण गाडीला लाल कंदील टांगलाय—त्याला तर मी सगळ्या गिऱ्हाइकांसमोर धुतला. म्हटलं, मेल्या, ते चायनीजचं पांढरं मीठ घालून घालून लोकांच्या सुनांची डोकी फिरवतोस! तो नुसता बघत राहिला माझ्याकडे. असा डोळे मोठे करून. बोलला काहीच नाही, तसा गुणाचा आहे तो.

आता ऐक, वाचून दाखवते. सोमवार, वरणभात, डोकं नाही. मंगळवार, मूग, डोकं नाही. बुधवार, बोंबलाचं कालवण—डोकं, दुपारी तीनपासून, उलटी एक. गुरुवार ठीक. शुक्रवार, मांदेली—डोकं. शनिवार ठीक. रविवार, सुरमई, डोकं, पडदे बंद करून झोपली, जेवली नाही. पुढचा आठवडा? तेच. त्याच्या पुढचा? तेच! बुधवार, शुक्रवार, रविवार—आमच्याकडे तेच तीन दिवस ना, सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, देवांना वाटून उरले तेवढे मासळीला. मी म्हटलं, झालं, मासळी बाधते. कोळ्याच्या घरात मासळी बाधणारी सून, कुणाला तोंड दाखवू? पण बाय, ती गोराईची गं! तिच्या बापाची स्वतःची होडी आहे. बोटीत बसून माहेरी जाते, चार दिवस सकाळसंध्याकाळ मासळी खाते, आणि येते ती टुणटुणीत. म्हणजे मासळी नाही. आणि श्रावण! वहीच्या आधीचा श्रावण अख्खा गेला, एकदा नाही दुखलं. मी म्हटलं, महादेव पावला, सोळा सोमवार बोलून बसले. आता गुडघे धरलेत, पण बोलले ते बोलले.

काय? मासळीच्या दिवशी वेगळं काय असतं? काय असणार, कालवण असतं. ते मात्र मीच करते. बाकी पोळ्याबिळ्या, वरण, भाजी नमिता करते, कालवणाला हात लावू देत नाही मी. सगुणा माझं नाव, बाजारात सगुणा म्हटलं की बायका मासळी घेता घेता कालवण कसं करायचं ते विचारून घ्यायच्या. घरचा मसाला, मे महिन्यात गच्चीवर मिरच्या वाळवून केलेला. चिंच, लसूण, आणि—आणि काय, काही नाही. मीठ. असं काय बघतेस चष्म्यातून? अगं, चिमूटभर. चिमूटभराने काय होतंय? नाही, मीठ नाही, ते… थांब, हळू बोलते, ती कंपाउंडर बाई कान लावून बसलीय.

दीड वर्षापूर्वी मला ताप आला होता. पंधरा दिवस. ताप गेला आणि जाताना जिभेची चव घेऊन गेला. कुणाला सांगितलं नाही मी. काय सांगू, सगुणाला तिखट-आंबट कळत नाही म्हणून? अंदाजाने करत राहिले. आणि एका रविवारी दिपेश घास घेऊन म्हणाला, आई, पूर्वीची चव नाही गं राहिली. वर म्हणतो, पुढच्या वेळी नमिताला करू दे, तिचं गोराईचं कालवण फर्स्टक्लास होतं. बाय, माझा नवरा गेला तेव्हा मी तिसऱ्या दिवशी बाजारात बसले होते, रडले नाही. त्या रविवारी मोरीत जाऊन रडले. मग गेले लवूकडे. म्हटलं, तुझ्याकडे एवढी गर्दी कशाने होते? त्याने त्या पांढऱ्या मिठाची पुडी दिली. म्हणाला, मावशी, एवढंसं टाका, बोटं चाटतील. आणि चाटली गं! दिपेशने ताट पुसून खाल्लं. तेव्हापासून तो दर महिन्याला पुडी देतो आणि कुणाला बोलत नाही. आणि मी त्यालाच गिऱ्हाइकांसमोर… हो, आहे मला लाज.

ठेवते कुठे? रांगोळीच्या डब्यात. कोण बघतंय? पण पाडव्याला नमिताने तोच डबा उचलला आणि उंबऱ्यावर ठिपके काढत बसली. माझा जीव वरखाली! अख्ख्या महिन्याचं कालवण दारात मांडलेलं. समोरच्या प्रेमाताई म्हणतात, अय्या, काय चमकते गं रांगोळी, कुठून आणलीस? मी म्हटलं, गावावरून.

कधीपासून दुखतंय तिचं? झालं असेल की… थांब हं. गणपतीच्या आधी नाही, त्याच्या आदल्या… दीड वर्ष.

दीडच वर्ष गं.

अगं आई गं. म्हणजे मीच तिला? आणि माहीत आहे का, परवा ती दोघं नालासोपाऱ्याला खोली बघून आली. मला म्हणाली लग्नाला गेलो होतो, पण चपलेला ओला चुना होता, नव्या बांधकामाचा. आणि फोनवर मैत्रिणीला सांगताना ऐकलं मी, नालासोपाऱ्याच्या खोलीत माझं डोकं तरी शांत राहील गं. मला एकटीला आमचं घर खायला उठेल. तिच्याशिवाय मला करमत नाही, हे मी तिला कधी सांगितलं नाही, तुला सांगतेय. सून म्हणून आली आणि माझ्या गुडघ्यांना रोज तेल लावते, सांगावं लागत नाही.

काय म्हणालीस? भांडणं? छे! आमची कधी भांडणं नाहीत. मी बोलते, ती ऐकते. दीड वर्षापासून बुधवार, शुक्रवार ती घरूनच काम करते ना, लॅपटॉप घेऊन जेवणाच्या टेबलाशी, रविवारी सुट्टी—मग कालवण करताना मी तिला सगळं सांगते. चिंच किती, बोंबील कसा दाबायचा, माझ्या सासूने मला काय काय केलं, बाजारातल्या कुणाची सून कुणाबरोबर गेली. नऊपासून सुरू करते, दीडपर्यंत कालवण उतरतं. ती कानाला ते हेडफोन लावते, मी काढायला सांगते. श्रावणात? श्रावणात नाही गं, श्रावणात मी घरी असते कुठे? आम्ही बायका देवळात पोथी लावतो महिनाभर, सकाळी जाते ती दुपारी येते. का विचारतेस?

नाही नाही नाही. तसं काही नाही. डॉक्टर खाण्याबद्दल म्हणालेत. वहीवर काय लिहिलंय? काय खाल्लं! पूडच असणार. पूडच आहे, मी सांगते ना! देवा, पूडच असू दे रे. पेन आहे तुझ्याकडे? दे. लिहून टाकते. "बुधवार, शुक्रवार, रविवार, कालवणात चायनीजचं पांढरं मीठ, सासूने घातलं, कुणाला माहीत नाही." झालं! कळू दे दिपेशला. सगुणाच्या कालवणाचं नाव गेलं तर गेलं, सून घरात राहिली पाहिजे. उद्यापासून पूड बंद, डबा रिकामा, नमिता करेल कालवण आणि मी बाजूला उभी राहून नुसतं सांगेन. बघ, किती हलकं वाटलं. घे तुझं पेन.

अगं, अशी भिंतीला का टेकलीस? पांढरी पडलीस की. पाणी देऊ? मघाशी तर थोडंसंच म्हणालीस. आता वाढलं? खूप? कधीपासून? मी आले तेव्हापासून?

पण मी तुला काही खायला दिलं नाही गं. पाणीसुद्धा नाही.

…

बाय, ते पेन जरा परत दे. एक ओळ राहिली.

नाही. आता मोठ्याने वाचत नाही.