आंदणाची गाय

पौडहून मालेला जाणाऱ्या एसटीत माझ्या पुढच्या बाकावर दोघं म्हातारे शेतकरी बसले होते.

"कुशाबा, लेकीकडं निघालास जणू?"

"व्हय. तिची गाय आणायला चाललोय, हैबतराव. लग्नात आंदण दिलेली."

"दिलेली गाय परत मागतोस?"

"बुळकांडीच्या रोगात माझी समदी जनावरं मेली. तवापासनं उसाला शेणखत न्हाई. नुसतं पांढरं सरकारी खत टाकत आलोय."

"पयल्या साली तर ऊस लई जोरात आला व्हता."

"आला. दुसऱ्या साली बी आला. मग रान दगडावानी घट्ट झालं. पाणी दिलं तर वरच उभं ऱ्हातंय. औंदा तोडलेल्या उसाच्या बुडख्यातनं खोडवा फुटलाच न्हाई."

"शेतकीवाले सांगत व्हते, आधी शेणखत घाला, मग हे वरनं द्या."

"सांगत व्हते. पर शेण कुटनं आणू? गावातले समदे गोठे ओस पडलेत."

"एका गाईच्या शेणानं काय हुणार?"

"विहिरीजवळचा तुकडा तरी जिता ठेवीन."

"तुझ्या लेकीचं, गंगूचं पोर त्या गाईच्याच दुधावर हाय ना?"

"व्हय. गंगूला दूध आलंच न्हाई."

"मग ती गाय देईल?"

"देईल. मी तोंड उघडायच्या आत दावं सोडून माझ्या हातात देईल. त्याचंच भ्या वाटतंय."

माले आलं. कुशाबा जागचा उठेना, तेव्हा हैबतरावांनी त्याला हाताला धरून खाली उतरवलं.