न फोडलेला नारळ

घ्या, आधी इडली घ्या, चटणी बाजूला नका ठेवू, बोलणं काय, खाता खाता होतंच. माझं गाव साताऱ्याकडं, कोरेगावच्या अलीकडं, बारकंसं, आणि आमचं घर म्हणजे काय सांगू तुम्हाला, संशयाचं आगर. दूधवाला जरा हसून बोलला तर आई म्हणायची आज पाणी जास्त घातलंय मेल्यानं. आप्पा, म्हणजे माझे वडील, एसटीत शेजारच्या माणसानं चणे पुढं केले तरी घ्यायचे नाहीत, गुंगीचं औषध असतं म्हणायचे. त्या घरात मी वाढले आणि पुढं कामही तसलंच धरलं, रक्त-लघवी तपासायचं, म्हणजे वरून दिसतं त्यावर विश्वास ठेवायचाच नाही, काचेखाली घालून बघायचं.

तो कोर्स करायला मी बंगलोरला आले, सात-आठ वर्षं झाली त्याला. आप्पा तयारच नव्हते. शेवटी म्हणाले जा, पण राहायचं ते घरगुती ठिकाणी, आणि काही वावगं दिसलं की त्याच दिवशी गाशा गुंडाळून परत यायचं, आत्यानं स्थळ बघून ठेवलंय, ते कुठं पळून जात नाही. म्हणजे बघा, एक जरी गोष्ट चुकली असती तरी माझं शिक्षण संपलं असतं आणि मी आत्याच्या गावात चुलीपुढं.

बसवनगुडीत अक्कांच्या घराची मागची खोली मिळाली. अक्का म्हणजे घरमालकीण. त्यांचे यजमान अबोल, आणि राघवेंद्र नावाचा एकच मुलगा, बोम्मसंद्र्याला कारखान्यात, तिशीला टेकलेला, बिनलग्नाचा. मला कन्नड येत नव्हतं, अक्कांना मराठी येत नव्हतं, दोघींची हिंदी देवाच्या भरवशावर. मी काही विचारलं की अक्का मान हलवायच्या, ती हो म्हणून की नाही म्हणून तेच मला कळंना. ताटात भात आणि सार, वर अजून भात, मी पुरे म्हटलं की स्वल्प स्वल्प म्हणत डाव रिकामा करायच्या. मी मनात म्हणायची, ही बाई एवढं का खाऊ घालते, हिचं काय काम आहे माझ्याकडं.

आणि मग श्रावणातला तो शुक्रवार आला, वरमहालक्ष्मीचा, तिकडच्या बायकांचं मोठं व्रत. सकाळीच अक्कांनी बोलावलं, न्हाऊन ये म्हणाल्या. समोरच्या खोलीत कलश मांडलेला, त्याला साडी नेसवलेली, दागिने घातलेले, आणि शेजारी खुर्चीवर राघवेंद्र नवं धोतर नेसून बसलेला. अक्कांनी मला पाटावर बसवलं, हळद लावली, कुंकू लावलं, केसांत फूल माळलं आणि माझ्या हातात नारळ, पान-सुपारी आणि हिरवा खण ठेवला.

आता ऐका. आमच्याकडं लग्न न झालेल्या पोरीला हळदी-कुंकवाला बोलवलं तर कुंकू लावतात, फूल देतात, संपलं. पण पाटावर बसवून हातात नारळ आणि खण, हे कधी करतात, तर मुलगी पसंत करून ठरवल्यावर. आणि पोरगा समोर बसलेला, आणि मी नारळ घेतला की हो हातात, नाही म्हणायला कन्नड यायला पाहिजे ना.

खोलीत आले, नारळ ओढणीत गुंडाळला आणि ट्रंकेत तळाशी घातला. आप्पांना कळवावं तर दुसऱ्या दिवशी न्यायला हजर, आणि न कळवावं तर इथं परस्पर लग्न लागायचं. आणि अक्का रोज सकाळी विचारायच्या, नारळ फोडलास का. हातांनी फोडल्याची खूण करून विचारायच्या. आता मला सांगा, नारळ माझा, तर हिला कशाची घाई? मी म्हटलं फोडला, खाल्ला, म्हणजे कबूल केलं असंच धरणार ही. म्हणून मी एक दिवस धीर केला, नारळ आणि खण दोन्ही नेऊन त्यांच्यापुढं ठेवले आणि हात जोडले.

अक्कांनी दोन्ही उचललं. मग आत गेल्या आणि राघवेंद्रकरवी हिंदीत निरोप आला, महिनाअखेर दुसरी खोली बघा. मला वाटलं बघा, डाव फसला म्हणून चिडली. पण खोली गेली म्हणजे आप्पा येणार, नेणार. रात्रभर रडले.

चिकपेटेत सुशीलाबाई म्हणून शिलाई करणाऱ्या बाई होत्या, पिढ्यान् पिढ्या तिथले मराठी लोक. माझे कोर्सचे पांढरे कोट त्यांच्याकडं शिवायला टाकलेले. न्यायला गेले आणि तिथंच रडू फुटलं, सगळं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, स्वल्प थांब गं तंगी, तिकडं धाकट्या बहिणीला म्हणतात तसं, हे बघ, आणि कोपऱ्यातला खणांचा ढीग दाखवला. त्या शुक्रवारचे आहेत सगळे, म्हणाल्या, इथं कुवारणीलाबी देतात, शाळेतल्या पोरींना देतात, फूलवालीला देतात, मग सगळ्यांची लगीनं त्याच पोराशी लागली काय? आणि तू वाण परत केलंस? लक्ष्मीचं वाण परत करतात काय कुणी?

मी तशीच बस धरली. अक्कांनी नारळ देवाच्या कोपऱ्यात ठेवलेला, परत आलेला म्हणून फोडताही येईना, टाकताही येईना. मी हातवारे करकरून सांगायला लागले, त्यांना कळंना, शेवटी त्यांनी राघवेंद्रलाच हाक मारली. आता विचार करा, त्याच्याशी माझं लग्न ठरवलं असं मला वाटलं, हे त्यानंच आपल्या आईला सांगायचं. त्यानं पेपरातनं मान वर न काढता सांगितलं, कान मात्र लालभडक.

 अक्का म्हणाल्या, तेही त्यानंच हिंदीत सांगितलं, पोराला बघायला आलेल्या घरांनी एकामागून एक नकार दिले, आता वाटलं भाडेकरू पोरगीसुद्धा आमच्या घरचा नारळ परत करते, काय खोट आहे आमच्यात. मला फार वाईट वाटलं हो. मग एकदम हसायला लागल्या, डोळे पुसत म्हणाल्या, तुझ्यासारखी संशयी सून मला सोसायची नाही. तिथंच नारळ फोडला. आत सगळा कुजलेला. बघ, म्हणाल्या, म्हणून रोज विचारत होते.

खोली राहिली, कोर्स झाला, इथंच नोकरी लागली. राघवेंद्रचं लग्न झालं, त्यात अक्षता मी वाटल्या. आणि दरवर्षी त्या शुक्रवारी अक्का मला बोलावतात, हळद-कुंकू लावतात आणि हातात देताना न चुकता सांगतात, हा नुसता नारळ आहे हं. सरी, म्हणजे बरं, मी म्हणते आणि घेते. आप्पा अजून फोनवर विचारतात, आत्याला काय सांगू. काही सांगू नका म्हणते.

या वर्षी मात्र अक्का ते वाक्य बोलल्याच नाहीत. खुर्चीवर त्यांच्या बहिणीचा मुलगा बसला होता, धारवाडकडचा, इथं शाळेत शिकवतो, मोडकंतोडकं मराठी येतं त्याला. मला म्हणाला, तुमच्याबद्दल मावशीनं सगळं सांगितलंय, सावकाश विचार करा. मी नारळाकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं, अक्कांकडं बघितलं, त्या वातीकडं बघत होत्या. सगळं ठरवून केलेलं, मला काय कळत नाही होय?

बरं, तुम्ही खा. चटणी अजून वाढू का? खोबरं गोड आहे, काल संध्याकाळीच फोडला तो अक्कांचा नारळ.