सहा फेऱ्यांची हवा

आजच्या समारंभाचे आणि या वाचनालयाचे अध्यक्ष माननीय बाबुराव केणे, सत्कारमूर्ती श्री. विश्राम मढवी, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या कल्पितावहिनी, आमच्या अवकाश मंडळाचे आजी-माजी खेळाडू, आणि केवळ अध्यक्षांच्या शब्दाखातर दोन जिने चढून आलेले वाचनालयाचे सभासद, आपणा सर्वांना निशा कारखानीसचा नमस्कार.

विश्रामदादा येत्या शुक्रवारी लेकीकडे, नाशिकला कायमचे जात आहेत. त्यांच्याबद्दल दोन शब्द बोल, असं मला सांगण्यात आलं. दोन शब्दांत आटोपलं असतं तर मला बरंच झालं असतं.

सभासदांपैकी अनेकांना अजून ठाऊक नसेल, की दर रविवारी संध्याकाळी खालच्या टेबलाभोवती आम्ही नेमकं काय करतो. बाबुरावांनाही पहिली दोन वर्षं आम्ही पत्ते खेळतो असंच वाटत होतं. आम्ही गोष्ट खेळतो. प्रत्येकाचं एक पात्र, सगळ्यांचं मिळून एक अंतराळयान, संकट आलं की फासे. संकटं आणायचं आणि निकाल द्यायचं काम सूत्रधाराचं. ती मी. आणि यान बांधायचं काम विश्रामदादांचं.

अंबरनाथच्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं टाक्यांचे नकाशे काढले. आमच्याकडे आले तेव्हा आमचं यान म्हणजे एक लांबट भोपळा होता. त्यांनी तो पाहिला आणि आपल्या वडिलांच्या मिठागराबद्दल सांगितलं. मिठागर चौकोनाचौकोनाचं असतं, मध्ये बांध. एक चौकोन गेला तरी बाकीचे राहतात. मग यान तसं का नको? तेव्हापासून आमची यानं कप्प्यांची झाली. इंजिनाचा कप्पा, धान्याचा कप्पा, झोपायचा कप्पा, कड्यांनी एकमेकांना जोडलेले. प्रत्येक कप्प्याला वजन, प्रत्येकाला वीज, आणि कड्या मात्र दहाच. काय घ्यायचं आणि काय मागे ठेवायचं यावर आम्ही घरच्या लग्नात भांडणार नाही इतके भांडलो आहोत. पहिल्या यानाला दादांनी आईचं नाव दिलं, सगुणा.

सात वर्षांपूर्वी आम्ही हे नियम मराठीत लिहून पुस्तिका छापायचं ठरवलं. संपादक मीच. पानं बत्तीस, आणि मजकूर त्याहून जास्त. दादांनी एक नियम लिहून दिला होता: यानापासून सुटलेल्या कप्प्यात सहा फेऱ्या पुरेल इतकी हवा असते, तेवढ्यात कोणी पोहोचलं, तर आतली माणसं वाचतात. मी तो कापला. सुटलेला कप्पा गेला असे समजावे, एवढी एक ओळ ठेवली. खेळाला वेग येतो, असं मी त्यांना समजावलं. ते म्हणाले, "बघा. मी टाक्या काढल्यात पन." खरंच, नकाशात प्रत्येक कप्प्याच्या पोटाशी त्यांनी हवेच्या टाक्या म्हणून सहा बारीक गोल काढले होते. ते पुसायला मी सांगितलं नाही. माझ्या लेखी ती शोभा होती.

आता मला मालनताई सावंतांबद्दल बोलायला हवं. जुन्या लोकांना त्या आठवत असतील. कल्याणच्या एका इस्पितळातून परिचारिका म्हणून निवृत्त झालेल्या, फासे चष्म्याच्या डबीत ठेवणाऱ्या. सगुणावरचा दवाखान्याचा कप्पा त्यांनी तीन रविवार खपून तयार केला. चार खाटा, चार रुग्ण, आणि त्या चौघांची नावं त्यांनी नकाशावर पेन्सिलीने लिहिली होती.

त्या रविवारी सगुणाचं इंजिन अर्धं बंद पडलं. एक कप्पा सोडल्याशिवाय यान हलणार नव्हतं. देवेश कप्तान होता, तेव्हा कॉलेजात होता; त्याला ठरवता येईना. मालनताईंनी नकाशा स्वतःकडे ओढला, नीट पाहिला आणि म्हणाल्या, "माझा सोड रे. मी आहे त्यांच्यापाशी. तुम्ही फिरून न्यायला या."

देवेशने सोडला. मी पुस्तिका उघडून ती ओळ वाचली.

मालनताईंनी सहा गोलांवर बोट ठेवलं. "अगं, पण या टाक्या आहेत ना?"

"नियमात नाहीत," मी म्हणाले.

कोणीतरी हसलं. दादांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. पुस्तिका आठवड्यापूर्वीच छापून आली होती. मालनताईंनी फासे डबीत ठेवले, "बरं" म्हणाल्या. आठ वाजले होते, वाचनालय बंद व्हायची वेळ. पुढच्या रविवारी त्यांचे गुडघे दुखत होते. त्याच्या पुढच्याही. त्यांची वाट पाहत डाव तसाच थांबला, महिन्याभराने दादा नवीन यान घेऊन आले आणि सगुणाचा कागद कपाटात गेला.

तेव्हापासून दादांच्या प्रत्येक यानाला डाव्या अंगाला एक रिकामी कडी असते. आमची मुलं तिला काकांची खिट्टी म्हणतात. मागच्या महिन्यात मी त्यांना सहज विचारलं, ही कशासाठी? तर म्हणाले, "कोनी परत आला तर लावायला जागा नको?"

सात वर्षं हा माणूस माझी चूक दर यानावर काढत होता आणि एका शब्दाने बोलला नव्हता.

मग मी आजचं निमंत्रण घेऊन विठ्ठलवाडीला मालनताईंकडे गेले. त्यांनी कोकम सरबत दिलं, सगळ्यांची विचारपूस केली. मी माफी मागितली. दादांचा मूळ नियम सांगितला. त्या ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, "किती फेऱ्या म्हणालीस?"

"सहा."

"मग त्या केव्हाच संपल्या की गं."

रविवारी जमणार नाही, म्हणाल्या. मी उठले. जिना उतरताना माझ्या लक्षात आलं, की त्या संध्याकाळनंतर सगुणावर आम्ही पुढची फेरी खेळलोच नाही. एकही नाही. सहाच्या सहा शिल्लक आहेत. मी जिन्यात थांबले. एवढंच सांगायला परत वर जाणं मला पोरकट वाटलं, आणि मी रिक्षा पकडली. तेही चुकलंच.

म्हणून दादा, तुमच्या निरोपाच्या दिवशी, जिथे तुमचं कौतुक व्हायला हवं तिथे, मी माझा निकाल मागे घेते. तुमचा नियम नव्या आवृत्तीत तुमच्या नावाने, तुमच्याच शब्दांत जाईल. पान वाढलं तर वाढू दे. नाशिकच्या घरी कागद-पेन्सिल घेऊन बसाल तेव्हा आमची आठवण ठेवा.

प्रितम, तू मालनताईंच्या इमारतीत राहतोस. आज घरी जाताना त्यांचं दार वाजव आणि मी जिन्यातून जे सांगायला परतले नाही, तेवढं सांग.

वाचनालयाने टेबल दिलं, अध्यक्षांनी वेळ दिला, आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलं, त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. निरोपाच्या भाषणात स्वतःचंच गाऱ्हाणं फार झालं असेल; ते आपल्यातलं समजून पोटात घाला.

खाली चहा आहे. वाचनाच्या टेबलावर सगुणाचा जुना कागद उलगडून ठेवला आहे, बाजूला फासेही आहेत. ते मात्र कोणी हातात घेऊ नका. पहिली फेरी मालनताईंची आहे.