कडी लावून केलेला व्यायाम

‘नाम घेताना दुसऱ्याच्या बोलण्याकडे कान देऊ नये,’ असं आई सांगायची. पण दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारीच नणंद-भावजय बसल्या होत्या.

“वन्सं, आज बसमध्ये एका आजोबांनी उठून मला जागा दिली.”

“मग, बसलीस ना?”

“बसले. बाळ वर्षाचं झालंय, हे कुठल्या तोंडानं सांगू? रोज पळते, मुलांना पोहायला शिकवते. हातपाय काटक्या, आणि पोट तेवढं पुढे!”

“म्हणून बाथरूमला कडी लावून पोटाचे व्यायाम चालतात?”

“तुम्हाला कसं कळलं?”

“धापा भिंतीपलीकडे ऐकू येतात, बाई. पोटाचे स्नायू मधोमध फाकलेत, ते व्यायाम बंद कर, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं ना?”

“बंद केले आणि पोट आणखी सुटलं तर?”

“आणि आणखी फाकलं तर?”

“तीच तर धास्ती आहे. उठताना मधे उंचवटा येतो हल्ली. बाळाला उचलायलासुद्धा भीती वाटते.”

“मग आज त्यांना सगळं खरं सांगायचं. वचन दे.”

“ओरडतील हो त्या.”

“ओरडू देत. माझ्याहून मोठ्यानं नाही ओरडणार.”

“बरं. दिलं वचन.”

आतून हाक आली. पोटासमोर धरलेली पिशवी तिनं नणंदेच्या मांडीवर ठेवली आणि ती एकटीच आत गेली.