चाळीसपर्यंत मोजा

(सांगली, १९९७. दूध संघाच्या ऑफिसातली संगणकाची खोली. सकाळ.)

नीलिमा : तसं नाही काका, बाईंचं नाव मी मुद्दाम नाही पुसलं. वरून कागद आला, नोकरीत नसलेल्यांची नावं संगणकातून काढा म्हणून.

रामगोंडा : मग काढलंस.

नीलिमा : काढलं. आणि वडूज, म्हसवड, शिरवळ, तिन्ही दूध केंद्रांचे प्रोग्राम एका दमात बंद पडले. ते बाईंच्या नावावर चालत होते. मी नवीन, त्यांच्या जागेवर आलेली. मला काय ठाऊक?

रामगोंडा : राजमतीच्या नावावर? मशीन तर संघाचं हाय.

नीलिमा : पहिल्यांदा चालू करताना तात्पुरतं स्वतःचं नाव टाकलं असणार. बदलायचं राहून गेलं.

रामगोंडा : लय राहून गेलं तिचं.

नीलिमा : नाव कालच्या बॅकअपच्या टेपवरून परत आणलंय. पण प्रोग्राम उठतो आणि मिनिटात पडतो. चारदा झालं. केंद्रांवर टँकर उभेत, इथून दुधाचा आकडा गेल्याशिवाय सोडत नाहीत. दूध नासेल. बाईंची एखादी वही असेल घरी, म्हणून बोलावलं तुम्हाला.

रामगोंडा : वही न्हाई. ती गेल्यावर तिच्या हातचं कायतरी घावंल म्हणून सगळं कपाट उपसलंय मी. किराणाची एक यादी निघाली.

नीलिमा : राहू दे मग. उगाच त्रास दिला.

रामगोंडा : थांब जरा. हितला रातपाळीचा बिराप्पा, त्यानं नोकरी सोडायच्या आधी, सकाळी घरी फोन करायचा, बंद पडलं म्हणून. ती सांगायची, आधी शिरवळ, मग म्हसवड, वडूज शेवटी.

नीलिमा : मी वडूजपासून लावत होते.

रामगोंडा : आन् मधी थांबायचं. तिची भाकरी तव्यावर असायची. मला म्हणायची, आवं, चाळीसपर्यंत मोजा. मी मोजायचो. कशापायी, ते कवा इचारलं न्हाई.

नीलिमा : शिरवळ लावलं. मोजा काका.

रामगोंडा : एक. दोन. तीन...

नीलिमा : टिकलंय अजून. मोजत राहा.

रामगोंडा : ...अडतीस, एकोणचाळीस, चाळीस.

नीलिमा : म्हसवड लावलं. परत एकदा.

रामगोंडा : एक. दोन...

नीलिमा : वडूजपण लागलं, काका. दहा मिनिटं झाली, तिन्ही टिकलेत. आकडे गेले, टँकर सुटले.

रामगोंडा : ते पडद्यावर काय लिवलंय?

नीलिमा : चालू करणाऱ्याचं नाव. राजमती. वेळ, आज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं.

रामगोंडा : आज.

नीलिमा : हो.

रामगोंडा : ऱ्हाऊ दे की तसंच.

नीलिमा : साहेबांना विचारलं मी. सोमवारी पुण्याचा माणूस येऊन सगळं संघाच्या नावावर करणार. माझ्या हातात काही नाही.

रामगोंडा : माझ्या तरी कुठं हाय.

नीलिमा : चहा सांगू?

रामगोंडा : नगं. सोमवारपतोर बंद पडलं, तर घरी फोन कर. मी उचलतो.